सुटींतील परदेशगमन

दहावीचा शेवटचा पेपर आटोपला कीं अलीकडे सुशिक्षित घरांतून एक नवाच वाद ऐकूं येतो. पूर्वीं या दिवसांत मुलांनीं आजोळीं कधीं जावें, एवढाच प्रश्न असे. आतां विद्यार्थ्यांच्या तुकड्या प्रवासी कंपन्यांच्या देखरेखीखालीं सिंगापुरास, दुबईस, युरोपांत जातात. वर्गांतील एक मूल जाऊन आलें कीं दुसऱ्याच्या मनांत तें बीज पडतें. मग वडील हिशेब मांडूं लागतात, आई काळजींत पडते, आणि आजी म्हणते, "मे महिन्यांत घर सोडून कुठं निघालीस? अढींतले आंबे कोण खाणार, आणि माझ्या कुरडया कोण राखणार?" बीड शहरांतून आगगाडीची वाहतूकच मुळीं १७ सप्टेंबर २०२५ रोजीं सुरू झाली. अशा जिल्ह्यांत सोळा वर्षांच्या मुलीनें समुद्र ओलांडण्याची गोष्ट काढावी, याचें वडीलधाऱ्यांस नवल वाटलें तर त्यांस हंसण्याचें कारण नाहीं.

अंबाजोगाईंतील आमच्या एका स्नेह्यांच्या एकत्र कुटुंबांत असाच प्रसंग आला. दोन वर्षांपूर्वीं त्यांचा थोरला नातू अशा तुकडीबरोबर परदेशीं जाऊन आला, तेव्हां घरांत पेढे वाटले गेले. पुढें त्याच्या चुलतबहिणीनें तीच मागणी केली, आणि उन्हाळा, पैसा, सोबत, रीतभात हीं सर्व एकदम आठवलीं. आजोबा आम्हांस म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शास्त्र वाचलेलें आहे. हें समुद्र ओलांडणें शास्त्राला धरून आहे का?" आम्ही त्यांस इतकेंच म्हणालों, "आबासाहेब, हा प्रश्न आपण दोन वर्षांपूर्वीं कां विचारला नाहींत?" ते हंसले नाहींत, पण रागावलेही नाहींत.

तथापि प्रश्न निघालाच आहे, तर त्याचें उत्तर देणें प्राप्त आहे. बौधायन धर्मसूत्रांत समुद्रयान हें पतनीय कर्मांत गणलें आहे, हें खरें. परंतु त्याच सूत्रांत उत्तरेकडील लोकांच्या देशाचारांतही त्याचा उल्लेख आहे. अर्थात् त्या काळींही लोक समुद्रावर जातच होते. पुढें कलिवर्ज्य प्रकरणांत जो निषेध आला, त्याची शब्दयोजना ध्यानांत घेण्यासारखी आहे. नौकेनें समुद्रावर गेलेल्या द्विजानें प्रायश्चित्त घेतलें तरीही त्याचा संग्रह करूं नये, असें तें वचन सांगतें. जाणाऱ्याच्या पायांत बेडी घालण्यापेक्षां परत येणाऱ्यास दार बंद करण्यावर त्याचा भर आहे. हा निर्बंध आज कोणी पाळीत नाहीं, आणि पाळावा असें आमचेंही म्हणणें नाहीं. पण प्रश्नाचें मर्म त्या वचनकारानें बरोबर ओळखलें होतें, असें आम्हांस वाटतें. मूल कोठें गेलें, यापेक्षां परत आल्यावर घरानें त्यास कसें घेतलें आणि त्यानें घरास कसें ओळखलें, हा कुटुंबाचा खरा प्रश्न होय.

आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, यजमानांस मागें ठेवून अमेरिकेस निघाल्या. निघण्यापूर्वीं बंगालमधील श्रीरामपूर येथें त्यांनीं जाहीर भाषण केलें, आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊं व हिंदू म्हणूनच परत येऊं, असें सांगितलें. १८८६ सालीं वैद्यकाची पदवी मिळवून त्या स्वदेशीं आल्या. कोल्हापूर संस्थानानें त्यांस रुग्णालयांत नेमलें होतें. दुर्दैवानें २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांनीं परत येण्याचा शब्द पाळला होता. आपल्या मुलीस आज दहा दिवसांच्या सहलीस पाठवितांना ज्यांचें मन कचरतें, त्यांनीं त्या एकट्या प्रवासाचा विचार करावा.

आतां समुदायानें प्रवास करण्याविषयीं. ही कला कंपन्यांनीं आपणांस शिकविली, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावरील कितीतरी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या घाट चढून आमच्या योगेश्वरीच्या दर्शनास येत आलीं आहेत. ती समुदाययात्राच होय. आणि एकत्र कुटुंबांतील उन्हाळा ही तर त्या कलेची पहिली शाळा. माळवदावर ओळीनें अंथरुणें पडतात, तेथें दुसऱ्याच्या झोंपेची पर्वा करावयास मूल शिकतें. पाण्याच्या टंचाईंत आंघोळीस पाळी लागते, तेथें तें थांबावयास शिकतें. पंक्तींत वाढलेलें खावें, धाकट्यास अगोदर आंबा द्यावा, कुरडयांचा चीक ढवळतांना हात भरून आला तरी मध्येंच सोडूं नये, हे धडे कोणत्याही पुस्तकांत नाहींत. परक्या देशांत अनोळखी सोबत्याबरोबर एका खोलींत राहण्याची वेळ येते, तेव्हां हीच शिदोरी उपयोगीं पडते.

याचीं उदाहरणें जवळचींच आहेत. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं गेलें, आणि आपल्या मातींतील कबड्डी व इतर देशी व्यायामप्रकार त्यांनीं जगास दाखविले. तीं मुलें पाहावयास गेलीं तशीं कांहीं घेऊन गेलीं, हें विशेष. आमच्या जिल्ह्याचें उदाहरण तर कालपरवांचेंच. आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवच्या शेतकरी घरचा अविनाश साबळे २०२२ सालीं भारतीय चमूबरोबर बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांस गेला, आणि तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत अवघ्या पांच शतांश सेकंदानें मागें राहून रौप्यपदक घेऊन आला. लहानपणीं शाळा दूर असल्यानें तो रोज पायपीट करी. परदेशच्या धांवपट्टीवर जे पाय धांवले, ते आपल्या जिल्ह्याच्या पायवाटेवर तयार झाले होते.

सहलींतील दोषही झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. मराठी प्रवासी कंपन्यांबरोबर मराठी बोलणारा व्यवस्थापक असतो आणि स्वित्झर्लंडांतही पोळीभाजी मिळते, ही सोय खरीच. पण दहा दिवस आपल्याच मंडळींत राहून, आपलेंच खाऊन, देवळासमोर वा डोंगरासमोर केवळ स्वतःचीं छायाचित्रें काढून मूल परत आलें, तर तें गांवाबाहेर गेलेंच नाहीं, असें म्हणावें लागेल. शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून कर्ज काढून पाठविणें हा तर निव्वळ अविचार.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांस सांगावी. याच जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलांची शाळा बुडते, कोपींत रात्र काढावी लागते. गळिताचा हंगाम संपून उन्हाळ्यांत गांवीं परतणें, हीच त्यांची सुटी. आपल्या घरीं जें मूल विमानाचें तिकीट हातीं धरून उभें आहे, त्यास हें ठाऊक असावें. त्यानें लाजून घरीं बसावें, असा याचा अर्थ नाहीं. घर सोडून जाणें हें कांहींच्या वांट्यास हौस म्हणून येतें आणि कांहींच्या वांट्यास पोटासाठीं, एवढा विवेक त्याच्या मनांत राहावा.

मग आमचा अभिप्राय काय? घरांत मुलास जो नियम, तोच मुलीस असावा. हा पहिला विचार. सुटीचा पूर्वार्ध घरचा, उत्तरार्ध बाहेरचा, अशी वांटणी करावी, आणि पूर्वार्धांत घरच्या कामाचा वांटा मुलगा असो वा मुलगी, दोघांनींही उचलावा. पैसा शिलकेंतून द्यावा व त्याचा जमाखर्च मुलाकडूनच लिहवून घ्यावा. पारपत्राचा अर्जही त्याच्याच हातून भरवावा. कारण आपलें नांव, जन्मगांव आणि पत्ता अचूक लिहितां येणें हेंही शिक्षणच आहे. अज्ञान मुलाच्या पारपत्रास सामान्यतः आई व बाप दोघांची संमती लागते. वर सांगितलेल्या घरीं अखेर मुलीचें जाणें ठरलें, तेव्हां आई-वडिलांच्या सह्या झाल्यावर तिनें तो कागद आजोबांपुढें नेऊन ठेवला. सरकारास त्यांच्या सहीची जरूर नव्हती. तिला त्यांच्या होकाराची होती. त्यांनीं चष्मा लावून सारा अर्ज वाचला, जन्मगांवाच्या नांवांतील एक चूक दाखविली, आणि तो तिच्या हातीं परत दिला.

शेवटचा विचार वडील मंडळींसाठीं. मूल परत आल्यावर एक संध्याकाळ सर्वांनीं त्याच्याजवळ बसावें. काय विकत आणलें, हें शेवटीं विचारावें. तेथें कोण भेटलें, लोक म्हाताऱ्यांस कसे वागवितात, रस्ता कोण झाडतो, कोठें चुकलास आणि कोणी वाट दाखविली, हें आधीं विचारावें. त्यानें कांहीं वेगळें सांगितलें तर "तिकडे जाऊन बदललास" असें म्हणून त्याचें तोंड बंद करूं नये. ज्या घरीं आपलें ऐकून घेतात, तेथें मूल पुनः पुनः येतें. पुढें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं त्यास याहून दूर, याहून दीर्घकाल जावें लागणार आहे. तेव्हां घराकडची वाट त्याच्या पायांखालची असावी, यासाठीं ही संध्याकाळ आतांच खर्च करावी.