शिष्यवृत्ती भीक नाही, हक्क आहे!

पोरगं बारावी झालं की कालेजात पहिला सवाल : फी भरली का? मग बैल विकायचा, नाहीतर सावकाराचं दार. का म्हणून? घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असलं तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या पोरापोरींची आहे. सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर 'स्वयम्' योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे आहेत.

पण पाड्यावर येऊन हे सांगतो कोण? अर्ज महाडीबीटीवर भरायचा, आणि इथं रेंज नाही! जात पडताळणीला १९५० च्या आधीचा कागद मागतात. आमचा आजा जंगलात राबला, त्याला कागद दिला कुणी? सरकारचा पैसा उशिरा येतो, अन् वर्गाबाहेर उभं राहतं आमचं पोर. हा कुठला न्याय?

म्हणून आम्ही म्हणतो : ग्रामसभेत कालेजला जाणाऱ्यांची यादी करा. जातीचा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. अर्जाची पोच जपून ठेवा. अडलं तर एकट्यानं खेटे घालू नका, सगळे मिळून प्रकल्प कार्यालयावर चला. वनहक्काचा दावा जसा एकीनं लावला, तसाच हाही लावू!