अँटायोकसचे पत्र बनावट नव्हे

इ.स.पू. २०० च्या सुमारास पानियनच्या लढाईत इजिप्तच्या सैन्याचा पराभव करून सेल्युसिड राजा तिसरा अँटायोकस याने कोइले-सीरिया व फिनिशिया हा प्रांत जिंकला. त्यानंतर ज्यूंना द्यायच्या सवलतींविषयी त्याने टॉलेमी नावाच्या अधिकाऱ्याला पाठवलेले पत्र इतिहासकार जोसेफसने उद्धृत केले आहे. मंदिरातील बळींचा खर्च, डागडुजीच्या लाकडाला जकातमाफी, वाडवडिलांच्या कायद्याने राहण्याची मुभा, याजकांना आणि ज्येष्ठांच्या सभेला डोईपट्टी व मिठावरील कर माफ, जेरुसलेमच्या रहिवाशांना तीन वर्षांची करमाफी, अशी त्यातील कलमे आहेत.

पूर्वपक्ष असा की, परका राजा इतका उदार होणे शक्य नाही. सबब आपल्या समाजाचा मान वाढवण्यासाठी कोणा ज्यू लेखकाने हे पत्र रचले असावे. हा आक्षेप टिकत नाही. औदार्य ज्यूंपुरते नव्हतेच. इ.स.पू. २१३ मध्ये बंडानंतर परत घेतलेल्या सार्डिस शहरालाही याच राजाने पुनर्बांधणीसाठी लाकूड दिले, आणि त्याविषयीची त्याची पत्रे शिलालेखांत आहेत. युद्धाने उजाड झालेले शहर पुन्हा वसले तरच कर मिळतो, हा राज्यकारभाराचा साधा हिशेब त्यामागे होता. शिवाय पत्रात याजक, लेखनिक व मंदिरातील गायक येतात, पण प्रमुख याजकाचा उल्लेखही नाही. बनावट पत्र रचणाऱ्या ज्यू लेखकाने त्याला अग्रस्थान दिले असते. इतिहासकार बिकरमनने १९३५ मध्येच या पत्राचा अस्सलपणा साधार मांडला होता.

टॉलेमीही कल्पित नाही. थ्रेसियसचा हा मुलगा आधी इजिप्तच्या फौजेत सेनानी होता, पुढे तो अँटायोकसकडे आला. बेथ शानजवळ हेफ्झिबा येथे १९६० मध्ये सापडलेल्या शिलालेखात तो प्रांताचा सेनापती आणि मुख्य पुरोहित म्हणून राजाशी पत्रव्यवहार करतो. आपल्या गावांत सैनिकांनी मुक्काम ठोकून रयतेला त्रास देऊ नये, अशी त्याची मागणी आहे. प्रांतातील देवस्थानांचा प्रश्न अशा अधिकाऱ्याकडे जाणे स्वाभाविकच होते. जोसेफसने दिलेली या राजाची सर्व कागदपत्रे सारखीच विश्वसनीय आहेत, असे मात्र यावरून ठरत नाही. बॅबिलोनियातील दोन हजार ज्यू कुटुंबे फ्रिजिया-लिडियात वसवण्याच्या पत्राची शहानिशा वेगळी करावी लागते.

पत्रातील मुभा राजाज्ञेने मिळाली होती, म्हणून ती राजाज्ञेनेच काढूनही घेता येत होती. इ.स.पू. १७८ मध्ये चौथ्या सेल्युकसने याच प्रांतातील देवस्थानांवर ऑलिंपियोडोरस नावाच्या अधिकाऱ्याला नेमले. १६७ मध्ये चौथ्या अँटायोकसने ज्यूंच्या धर्माचरणावरच बंदी घातली.