वसईच्या किल्ल्यातली थडगी

बोईसरहून सकाळची लोकल पकडून वसईला गेलो ते किल्ला पाहायला. पण तट-बुरूज राहिले बाजूला. दिवस गेला तो आतल्या चर्च आणि मठांच्या पडक्या भिंतींत.

फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मठाला लागून संत अँथनीचे चर्च आहे. छप्पर कधीच गेले, कमानी उभ्या आहेत आणि जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या शिळा आहेत. त्या शिळा म्हणजे थडगी. एक जोडपे त्यांच्यावर उभे राहून लग्नाआधीचे फोटो काढून घेत होते. त्यांच्या मनात वाईट काही नसणार. पायाखाली काय आहे हे सांगणारी मराठी पाटी मलाही तिथे दिसली नाही. कबरीवर बसू नये, अशी आपल्याकडे हदीसची स्पष्ट ताकीद आहे. ती कबर मुसलमानाचीच असली पाहिजे, असे मला कधी वाटले नाही. एका यहुदी माणसाची अंत्ययात्रा जाताना खुद्द पैगंबर (स.) उभे राहिले होते.

या किल्ल्याचा इतिहास हल्ली धर्मयुद्ध म्हणून सांगतात. मग १५३४ चे काय करायचे? गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, कारण त्याला हुमायूनची धास्ती होती. मुसलमान बादशहाच्या भीतीने मुसलमान सुलतानाने ख्रिस्ती राजाला मुलूख दिला! पुढे पोर्तुगीजांनी देवळे पाडली, मशिदी पाडल्या, रयतेला छळले. ते झाकायचे कारणच नाही. १७३९ मध्ये आधी आमच्याकडचे तारापूर आणि मे महिन्यात वसई चिमाजीआप्पांनी जिंकली, तेव्हा शरण आलेल्या पोर्तुगीजांना मात्र सन्मानाने बाहेर पडू दिले. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. १७२१ सालची एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, दुसरी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर.

पोर्तुगीज गेले, पण इथले ख्रिस्ती कुठे गेले? कुठेच नाही. ते इथलेच होते. वाडवळी आणि सामवेदी बोलणारी ही माणसे वसईत शेती-बागायती करत आली. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया वसईचेच. उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. अशा लोकांच्या पूर्वजांनी जिथे प्रार्थना केली, ती जागा आपण फक्त 'शत्रूचा किल्ला' म्हणून पाहतो. एखाद्या पडक्या मशिदीकडे कोणी तसे पाहिले की मला काय वाटते, ते मला ठाऊक आहे. म्हणून इथे गप्प बसवत नाही.

पुरातत्त्व खात्याने त्या शिळांभोवती निदान एक दोरखंड लावावा आणि मराठीत चार ओळींची पाटी. फोटोंसाठी कमानी पुष्कळ आहेत.