प्रवाळांच्या टाकीला सोड्याचा डोस

शारजातल्या भाच्याचा फोन होता. “मामू, टाकीतल्या प्रवाळांची वाढ थांबलीये, रंगही फिके पडलेत. अल्कलिनिटी साडेपाच दाखवते. एकदम काहीतरी ओतू का?”

एकदम तर काहीच ओतायचं नाही. कमी अल्कलिनिटी प्रवाळ काही दिवस सोसतात, पण ती एका रात्रीत वर चढवली तर त्यांचे जिवंत टिश्यू सुटून पांढरा सांगाडा उघडा पडू शकतो.

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याचा खारेपणा नव्हे. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचा तो साठा. दगडी प्रवाळ त्यातून आणि कॅल्शियममधून आपला चुनखडीचा सांगाडा बांधतात. समुद्राला त्याचं काहीच वाटत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत मात्र साठा भराभर संपतो. समुद्राच्या पाण्यात अल्कलिनिटी सुमारे 7 डीकेएच असते, टाकीत 8 ते 9 ठेवलेली बरी.

आधी मोजमाप पुन्हा करा. टेस्ट किटची मुदत पाहा. खारेपणा हजारी 35 च्या आसपास, कॅल्शियम 400 ते 450 आणि मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या जवळ हवं. मॅग्नेशियम कमी असेल तर घातलेला सोडा चुना होऊन तळाशी बसतो, आणि आपण नुसतंच घालत राहतो.

औषध स्वयंपाकघरातलंच, खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. 100 लिटर पाण्यात 1 डीकेएच वाढवायला साधारण 3 ग्रॅम सोडा लागतो. भाच्याच्या टाकीत खडक-वाळू वजा जाता 200 लिटर पाणी आहे. साडेपाचवरून आठवर न्यायला एकूण 15 ग्रॅम, म्हणजे रोज 5 ग्रॅम, तीन दिवस. दिवसाला 1 डीकेएचच्या वर जायचं नाही. सोडा आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, पंपाचा प्रवाह जोरात असतो तिथे हळूहळू सोडायचा. कॅल्शियमचं द्रावण त्याच वेळी घालू नये, पाणी दुधासारखं होतं.

तिकडे एसीमुळे खिडक्या कायम बंद. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो आणि पीएच खाली राहतो. अशा घरात हाच सोडा ओव्हनमध्ये 180 अंशांवर तासभर भाजून घ्यावा. मग 3 ग्रॅमऐवजी सुमारे 2 ग्रॅम पुरतो आणि पीएचही वर येतो.

(हे वाचून मालवणच्या खडकांवरून प्रवाळ तोडून आणायची कुणाला हौस वाटेल, म्हणून सांगतो: दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.)

आठवर पोचल्यावर दोन दिवस सोडा बंद ठेवून ठरावीक वेळी मोजायचं. रोज अर्धा डीकेएच उतरत असेल तर 200 लिटरला रोजचा डोस 3 ग्रॅम. प्रवाळ वाढले की खपही वाढेल, म्हणून आठवड्यातून एकदा तरी मोजमाप हवंच.