आधी दारू सोड, मग बघू

आमच्या शहापूर-मुरबाडात व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्यांचा दुष्काळ नाही. दुष्काळ पाण्याचा आहे. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं, उन्हाळ्यात पाड्यावर टँकर येतो; भाषणवाला मात्र बारमाही. २६ जूनला पोरांची फेरी, २ ऑक्टोबरला शपथ. फेरी संपली की फलक शाळेच्या कपाटात आणि पोरांचे बाप गुत्त्यावर.

मी पिणारा माणूस आहे. सध्या पीत नाही. तेव्हा शहाणपण शिकवणाऱ्यांनी आज जरा ऐकून घ्यावं.

माझ्या वाट्याला आलेला सगळा उपचार एका वाक्यात मावतो: ‘आधी दारू सोड, मग बघू.’ भाऊबंद हेच म्हणाले, पुढारी हेच म्हणाले, तुळशीची माळ घालणारे बुवा हेच म्हणाले. त्यातला ‘मग’ काही उजाडला नाही.

घरच्यांनी माझी दारू बंद केली ती खोलीला बाहेरून कडी लावून. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती. मी एकेक मुंगी चिमटीत धरत होतो. बाकी कुणाला भिंतीवर काही दिसेना. हात लटलटत होते, गोधडी घामानं चिंब. भगत आला, मिरच्यांची धुरी झाली, कोंबडं कबूल झालं. पहाटे आकडी आली. ही बाधा नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत मेंदू असा खवळतो. भास होतात, झटके येतात, माणूस दगावतोही. वेळेत गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मिळाली तर वाचतो. कोंबडं कापून फक्त कोंबडं मरतं.

मग पैसे भरून एका केंद्रात टाकलं. डोकं भादरलं, पहाटे कवायत, संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून ‘मी घरादाराचं वाटोळं केलं’ असं म्हणायचं. ते मी खणखणीत म्हणायचो. रात्री मी भिंतीला पाठ लावून बसून का राहतो, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

आता न विचारता सांगतो. लहानपणी दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड भिवंडीकडे वीटभट्टीवर. बयाणा पावसाळ्यातच खाऊन झालेला. एकदा हिशेबावरून मालकाच्या माणसांनी बापाला खांबाला बांधून मारलं आणि मला समोर उभं केलं. त्या रात्री बाप खावटीच्या पैशांची प्यायला. मी रडायचा थांबेना, म्हणून पहिला घोट त्यानंच पाजला. मी झोपलो. ते औषध मी पुढे वर्षानुवर्षं घेतलं, कारण दुसरं कुणी दिलंच नाही.

माझी ही कैफियत जगावेगळी नाही. १९९८ साली फेलिटी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांनी हजारो माणसांचं बालपण तपासलं. मार, अत्याचार, घरातलं व्यसन असे चार किंवा जास्त प्रकारचे घाव सोसलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. ती विमा असलेली, सुखवस्तू माणसं होती. त्यात वीटभट्टी नव्हती.

कायद्याला हे कळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारूशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आणि उपचार हा हक्क केला. व्यवहारात मनाच्या डॉक्टरकडे जावं तर ‘पिणं सोडून या’, केंद्रात जावं तर ‘मनाचं इथे नाही’. सरकारच्याच २०१९ च्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसलीतरी मदत मिळते. डोळखांबच्या माणसानं एसटीनं आसनगाव, लोकलनं ठाणे करत मनोरुग्णालय गाठायचं आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची. देशी दारू मात्र नाक्यावर हजर. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू असलेल्या आणि दारूच्या महसुलावर पोसलेल्या राज्यात!

आणि ‘आदिवासी पिणारच’ म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास चाळावा. १९२२ ची देवीची चळवळ याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून उठली आणि दक्षिण गुजरातेत पसरली. हजारो आदिवासींनी दारू-ताडी टाकली. पण नुसती बाटली टाकली नाही. ज्या दारूवाल्या सावकार-जमीनदारांनी त्यांना पिळलं, त्यांच्याकडे कामाला जाणंही नाकारलं. घोट आणि घाव एकाच दावणीचे आहेत, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनाही कळलं होतं. १९८६ मध्ये त्यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात.

म्हणून फेऱ्या बंद करा आणि तो खर्च तालुक्याच्या दवाखान्यात घाला. दारू उतरवायला चार खाटा द्या, मनाचा डॉक्टर ठरल्या वारी बसवा, दोन्ही दुखण्यांचा केसपेपर एकच काढा. भट्टीवर मारहाण करणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. तीही व्यसनमुक्तीच आहे. हे जमणार नसेल, तर पुढच्या २ ऑक्टोबरला शपथ तुम्हीच घ्या: दारुड्याला अक्कल शिकवणार नाही. तुमचंही व्यसन जुनंच आहे.