‘कॉन्फिडन्सने मार ना!’

रविवारी सकाळी आरे कॉलनीत एक चक्कर मारा. तबेल्यांच्या आसपास जरा सपाट जागा सापडली की तिथे फुटबॉल चालू असतो. चपलांचे गोलपोस्ट आणि पावसाळ्यात घोटाभर चिखल. आपल्या हॉस्टेलची पोरंही तिथे खेळतात. कुणाचा शॉट बाहेर गेला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “अरे, कॉन्फिडन्सने मार ना!”

मित्रांनो, मला या वाक्याचाच राग येतो. कॉन्फिडन्स काय कँटीनमध्ये प्लेटवर मिळतो?

आपण इंजिनिअर, म्हणून थोडं गणित करू. गोलची रुंदी ७.३२ मीटर, पेनल्टीचं अंतर ११ मीटर. खांबाच्या अर्धा मीटर आत नेम धरला, तर अडीच अंशांची चूक झाली तरी चेंडू बाहेर. एक मीटर आत धरला तर सूट जवळजवळ पाच अंश, म्हणजे दुप्पट! हा अंदाज पायाला शंभर वेळा मारून येतो, ओरडून नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली हेच मांडलं. ‘मला हे जमतं’ हा विश्वास येतो तो मुख्यतः ते काम स्वतः जमवून दाखवल्यामुळे. दुसऱ्यांनी दिलेला धीर त्यामानाने कमी टिकतो. म्हणजे आधी नेम, मग आत्मविश्वास. आपण मात्र उलटी गंगा वाहवतो.

इंग्लंडचंच बघा. १९९० ते २०१२ मध्ये वर्ल्डकप आणि युरोत ते सहा वेळा पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. गॅरेथ साउथगेट १९९६ मध्ये स्वतः चुकला होता. कोच झाल्यावर त्याने टीमकडून पेनल्टीचा पद्धतशीर सराव करून घेतला, आणि २०१८ मध्ये कोलंबियाविरुद्ध ते जिंकले. २०२१ च्या युरो फायनलला पुन्हा हरले, हेही खरं. सराव हमी देत नाही, शक्यता वाढवतो.

आपल्या मुंबईत खेळलेल्या नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, भारत ४-२ ने जिंकला. पण तिसरा गोल करायचा तर आधी तिसरा शॉट घ्यावा लागतो ना! आपल्याकडे फर्स्ट इयरचा पोरगा दोनदा चुकला की त्याला शिव्या पडतात. मग तो शॉट घेणंच सोडतो, नुसता पास देतो. महिन्याभराने यायचाच बंद होतो. हे नुकसान एका गोलपेक्षा मोठं आहे.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. मॅच संपल्यावर पंधरा मिनिटं फक्त शूटिंग. प्रत्येकाने दहा शॉट मारायचे, किती आत गेले ते वहीत लिहायचं. चुकणाऱ्यावर ओरडायचं नाही. जिमखान्याने दोन बॉल जास्त दिले तर फारच उत्तम! तीनचे सहा झालेले वहीत दिसले की कॉन्फिडन्स आपोआप येईल. व्हायवाला घाबरणाऱ्यांनीही हा प्रयोग करून बघायला हरकत नाही.