घंटा पोचली, व्याकरण राहिले

भीमाशंकरच्या मंदिरापाशी टांगलेली मोठी घंटा मूळची पोर्तुगीजांची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर तेथील घंटा निरनिराळ्या देवस्थानांना अर्पण झाल्या. त्यांतील ही एक. कर्जत तालुक्यातील कळंबच्या पंचक्रोशीतून खांडसमार्गे घाट चढणारे भाविक तिचा नाद पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले. वसई पडली त्या वर्षी योहान सेबास्टियन बाख लाइपझिग येथे हयात होता आणि युरोपीय संगीतातील ‘बरोक’ युगाचा अखेरचा टप्पा चालू होता. युरोपचा धातू असा सह्याद्रीवर पोचला. तेथील संगीताचे व्याकरण मात्र मराठीत अद्याप पुरेसे उतरलेले नाही.

फ्यूग, सोनाटा, कॉन्चेर्टो हे शब्द म्हणजे शहरी सभागृहांची व इंग्रजी शिक्षणाची मिरास, अशी समजूत रूढ आहे. वास्तविक सूर कधीच परके राहिले नाहीत. मोझार्टने १७८८ साली रचलेल्या चाळिसाव्या सिंफनीची आरंभीची सुरावट सलिल चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटातील युगुलगीतात आणली आणि खेड्यापाड्यांनी ती गुणगुणली. अडले ते केवळ समजावून सांगण्यापाशी.

आणि समजावून सांगणे अवघड नाही. भजनात बुवा चरण म्हणून थांबतात व टाळकरी तोच चरण उचलतात. येथे टाळकऱ्यांनी चरण उचलल्यावरही बुवा न थांबता त्याला साजेशी दुसरी सुरावट गात राहिले, आणि टाळकऱ्यांचा चरण पाच स्वर वरून सुरू झाला, तर फ्यूगचे मर्म ध्यानी येईल. भजनी मंडळाच्या पेटीत सप्तकाला बारा पट्ट्या असतात. त्या बाराही स्वरांना क्रमाने षड्ज मानून, ‘मेजर’ व ‘मायनर’ या दोन्ही प्रकारांत, बाखने १७२२ साली प्रिल्यूड व फ्यूग यांच्या चोवीस जोड्या सिद्ध केल्या.

पुढे हायडन व मोझार्ट यांच्या काळात सोनाटाची घडण मुख्य ठरली. पहिला विषय मूळ षड्जावर, दुसरा बहुधा पंचमाला षड्ज मानून, मध्यंतरी विस्तार, अखेरीस दोन्ही विषय मूळ षड्जावर परत. तंबोऱ्याने षड्ज अढळ राखणाऱ्या परंपरेतील श्रोत्याला षड्जानेच घर सोडावे हे नवल वाटेल. पण घरी परतण्याचा आनंद समेवर येण्याच्या आनंदाहून फार दूरचा नाही.

या संज्ञांना भारदस्त संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचा मोह मात्र टाळावा. ‘सोनाटा’ म्हणजे वाजविलेले, ‘कांताता’ म्हणजे गायिलेले. मूळ इटालियनमध्ये हे साधे व्यवहारातील शब्द आहेत. ‘स्टेशन’ जसे मराठीत रुळले तशी नावेही रुळतील. मराठी हवी ती अर्थविवरणाला. भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा आपला प्रचंड ग्रंथ मराठीतच लिहिला. शास्त्र पेलण्याचे या भाषेचे सामर्थ्य त्यानेच सिद्ध झाले आहे.

अभंगाची व लोककलांची आबाळ होत असता परक्या संगीताची चिंता कशाला, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे, परंतु एकाचे अज्ञान हे दुसऱ्याचे संरक्षण नव्हे. तुलनेने स्वतःची परंपराही अधिक स्पष्ट दिसते. षड्ज हलू शकतो हे कळल्यावरच तो न हलविण्यामागील साधना उमगते.

आज कळंबच्या मुलालाही मोबाइलवर बाख ऐकता येतो. त्याला अर्थ कळावा म्हणून प्रथम इंग्रजी शिकून ये, असे सांगणे हा अन्याय होय. भाषा संचालनालयाने व विश्वकोशाने संगीतज्ञांच्या साहाय्याने, देशी उदाहरणे व ध्वनिमुद्रणे यांसह एक छोटी परिभाषा-पुस्तिका सिद्ध करून शाळाशाळांत पोचवावी. घंटा घाटावर चढवायला त्या काळी माणसांचे खांदे लागले. हे ओझे त्याहून पुष्कळ हलके आहे.